आपण एवढेसे, मग जगायचं कशासाठी? आकाशदर्शनाच्या रात्री हमखास येणारे प्रश्न

आकाशदर्शनाला लोक येतात ते शनीची कडी बघायला. ती बघून झाली की साधारण एक-दीडच्या सुमारास, अर्धी पोरं चटईवर झोपलेली असतात तेव्हा, कोणीतरी विचारतंच की काका, हे सगळं एवढं मोठं आहे तर आपण इथे नक्की काय करतोय. दर वेळी तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून म्हटलं एकदाचं लिहून काढू. मी शास्त्रज्ञ वगैरे नाही, हौशी आहे, दुर्बीण स्वतःची आहे आणि मतंही स्वतःचीच आहेत, त्यामुळे नाही पटलं तर सोडून द्या.

आपण नक्की किती छोटे आहोत? आकडे सांगता पण डोक्यात काही बसत नाही.

आकडे बसतच नाहीत कोणाच्या, माझ्याही नाही. म्हणून मी मोसंबं वापरतो. समजा पुण्यात तुमच्या हॉलमध्ये सात सेंटीमीटरचं एक मोसंबं ठेवलं, तो सूर्य. मग पृथ्वी म्हणजे त्याच्यापासून साडेसात मीटरवर ठेवलेला रव्याचा एक कण, आणि चंद्र त्या कणापासून दोन सेंटीमीटरवर. माणूस आजवर जास्तीत जास्त गेलाय तो या दोन सेंटीमीटरच्या थोडासा पलीकडे, बास. नेपच्यून सव्वादोनशे मीटरवर, म्हणजे गल्लीच्या टोकाला. आणि सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा, सव्वाचार प्रकाशवर्षांवरचा (प्रकाश एका वर्षात जेवढा लांब जातो ते एक प्रकाशवर्ष), त्याचं मोसंबं (खरं तर लिंबाच्या बीएवढंच, तो तारा लहान आहे) ठेवायला गुवाहाटीला जावं लागेल. मधे काय? जवळपास काही नाही.

हे झालं फक्त शेजाऱ्याचं. आपल्या आकाशगंगेत असे किमान १० हजार कोटी तारे आहेत, काही अंदाज ४० हजार कोटींपर्यंत जातात, आणि तिचा व्यास साधारण १ लाख प्रकाशवर्षं. आपण मध्यापासून २६ हजार प्रकाशवर्षांवर, कडेलाही नाही आणि मधेही नाही. सूर्याला त्या मध्याभोवती एक फेरी मारायला २२-२३ कोटी वर्षं लागतात, म्हणजे मागच्या वेळी आपण या जागी होतो तेव्हा डायनासोर नुकते कुठे डोकं वर काढत होते.

मग आपण धुळीचा कण. कशालाच काही अर्थ नाही, असंच ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा लांब लिहितो.

‘आपण छोटे म्हणून आपल्याला किंमत नाही’ या बोलण्यात एक गोष्ट गुपचूप आत घुसवलेली असते, ती म्हणजे किंमत आकारावर ठरते. हे कोणी ठरवलं? गुरूच्या पोटात १३०० पृथ्व्या मावतील, पण गुरू पृथ्वीपेक्षा १३०० पट महत्त्वाचा आहे असं म्हणणारा अजून मला भेटलेला नाही. उलटं करून बघा. समजा विश्व फक्त आपल्या जिल्ह्याएवढं असतं, वर निळं झाकण आणि झाकणाला चिकटवलेले चार दिवे, आणि त्यात आपण चांगले ठसठशीत दिसलो असतो. तर काय, तुमच्या आयुष्याला आपोआप अर्थ आला असता? ऑफिसमधलं कंटाळवाणं काम इंटरेस्टिंग झालं असतं? नसतं झालं ना. मग आकार वाढवून जे येत नाही ते आकार कमी असल्याने जातं कसं?

हीच गंमत काळाची. कोणीतरी म्हणतंच की १० लाख वर्षांनी आपलं नावनिशाण राहणार नाही, मग कशाला धडपड. बरं, १० लाख वर्षांनंतरच्या जगाला आजच्या तुमच्या-माझ्याशी काही देणंघेणं नसणार हे कबूल. पण मग त्या जगाचं मत आपण आज का विचारात घ्यायचं? देणंघेणं नाही तर दोन्हीकडून नाही. रात्री तीनला आजारी आईला उठवून बसवून पाणी पाजता, तेव्हा ते पाणी १० लाख वर्षं टिकणारे म्हणून पाजत नाही. तिला तहान लागलीय म्हणून पाजता. ते कारण तिथल्या तिथे पुरेसं असतं, त्याला वरून कुठल्या आकाशगंगेची सही लागत नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर अंधाऱ्या माळावर पहिल्यांदा आकाशगंगेचा पट्टा दिसला की पोटात गोळा येतो, तो मलाही येतो, अजूनही येतो. ती भावना खरी आहे आणि मला तर ती औषधी वाटते, सोसायटीच्या पार्किंगवरून तीन वर्षं न बोलणाऱ्या माणसांना वर्षातून एकदा तरी सक्तीने माळावर नेऊन झोपवायला हवं. फक्त त्या गोळ्यातून ‘म्हणून सगळं फुकट आहे’ असा निष्कर्ष काढू नका. तो गोळा म्हणजे पुरावा नव्हे.

पण पूर्वी माणूस विश्वाच्या मध्यभागी होता ना? विज्ञानाने आपल्याला खाली ओढलं.

ओढलं खरं, आणि ते पायरी पायरीने ओढलं. १५४३ मध्ये कोपर्निकसचं पुस्तक आलं आणि पृथ्वी मधून गेली, सूर्य आला. १९१८ च्या सुमारास अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅपलीने दाखवलं की सूर्यपण आकाशगंगेच्या मध्यात नाही. मग १९२३ मध्ये एडविन हबलला देवयानी नावाच्या आकाशातल्या धुरकट डागात एक विशिष्ट प्रकारचा चमकणारा तारा सापडला, त्यावरून त्याने अंतर काढलं आणि कळलं की देवयानी आपल्या आकाशगंगेचा भाग नाहीच, ती वेगळीच दीर्घिका आहे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा समूह. (त्याचं अंतर कमी आलं होतं, आज आपण २५ लाख प्रकाशवर्षं धरतो.) म्हणजे बघा, शंभर वर्षांपूर्वी आपल्या पणजोबांच्या काळात शहाण्या लोकांनाही आकाशगंगा म्हणजेच अख्खं विश्व वाटत होतं.

पण मधे असणं ही काही बढती होती असं समजू नका. जुन्या युरोपियन कल्पनेत पृथ्वी मधे होती म्हणजे तळाला होती, सगळा जड गाळ खाली बसतो तिथे, शुद्ध गोष्टी सगळ्या वर. आपल्याकडे आर्यभटाने ४९९ च्या सुमारास लिहून ठेवलंय की तारे पश्चिमेकडे सरकताना दिसतात ते पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून. त्यामुळे कोणाचं आयुष्य निरर्थक झाल्याचं ऐकिवात नाही, नंतरच्या लोकांनी नुसता वाद घातला.

मी रविवारी ज्या पोरांना गणित शिकवतो त्यातली एक सातवीतली मुलगी पहिल्यांदा दुर्बिणीतून चंद्र बघत होती. जास्त पॉवरची आयपीस लावली की चंद्राचा एक तुकडाच दिसतो, विवरांच्या कडा, त्यांच्या काळ्याकुट्ट सावल्या, आणि तो तुकडा डोळ्यादेखत सरकत सरकत बाहेर जातो. ती ओरडली, “सर, चंद्र पळाला!” म्हटलं, चंद्र नाही गं पळाला, तू पळतीयेस, पायाखालची जमीन फिरतीये आणि दुर्बीण तिच्याबरोबर. तिने खाली पायांकडे बघितलं, चप्पल जरा घट्ट रोवली आणि परत डोळा लावला. खाली ओढल्यासारखी वगैरे अजिबात दिसली नाही मला ती.

सगळं इतकं परफेक्ट कसं? हे विश्व आपल्यासाठीच बनवलंय असं नाही वाटत?

हा चांगला प्रश्न आहे आणि याला उडवून लावणारे मला आवडत नाहीत. उदाहरण देतो. ताऱ्यांच्या पोटात हेलियमपासून कार्बन बनतो, पण १९५३ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईलच्या लक्षात आलं की कार्बनच्या अणुकेंद्रकाला एक ठरावीक ऊर्जापातळी असेल तरच पुरेसा कार्बन बनेल, नाहीतर नाही. आपण तर कार्बनचे बनलोय, म्हणजे ती पातळी असलीच पाहिजे, असं म्हणून तो अमेरिकेत कॅलटेकला प्रयोग करणाऱ्यांच्या मागे लागला, त्यांनी शोधलं आणि ती सापडली! (हाच हॉईल पुढे केंब्रिजला आपल्या जयंत नारळीकरांचा गुरू.) असे बरेच आकडे निसर्गात आहेत जे थोडे इकडेतिकडे असते तर तारेच बनले नसते.

यावरून कोणी म्हणतं देवाने जुळवलं. कोणी म्हणतं विश्वं अनेक असतील, आपण अर्थातच त्यातल्या जगण्याजोग्या विश्वात आहोत, कारण बाकीच्यात हा प्रश्न विचारायला कोणी नाही. दोन्ही आजच्या घडीला तपासता येत नाहीत. माझी अडचण वेगळीच आहे. ‘आपल्यासाठी’ बनवलं असेल तर जागा फारच वाया घालवलीये हो. विश्वाचा जवळजवळ सगळा भाग असा आहे की तिथे स्पेससूटशिवाय ठेवलं तर आपण काही मिनिटांत खलास. १३८० कोटी वर्षांच्या इतिहासात मनुष्यजात आहे फक्त गेल्या तीनेक लाख वर्षांत. आणि आपण आलो तेही डायनासोरांवर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या किनाऱ्याशी दगड पडला म्हणून. त्याच सुमारास इकडे आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याचा बनलाय तो लाव्हा वाहत होता. दगड चुकला असता तर हे पान बहुधा नसतं, कमीत कमी मराठीत तरी नसतं.

आपण ताऱ्यांच्या धुळीचे बनलोय म्हणतात, ते खरं की नुसतं स्टेटसला ठेवायचं वाक्य?

खरंय, पण अर्धवट. शरीरातल्या अणूंची नुसती मोजणी केली तर साठ टक्क्यांहून जास्त अणू हायड्रोजनचे निघतात, आणि हायड्रोजन ताऱ्यांत नाही बनला, तो महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतलाच आहे. म्हणजे वय विचारलं की सरळ १३८० कोटी सांगायला हरकत नाही. बाकी श्वासातला ऑक्सिजन, हाडातलं कॅल्शियम, अख्ख्या शरीरातलं तीन-चार ग्रॅम लोखंड हे सगळं ताऱ्यांत किंवा ताऱ्यांच्या स्फोटात बनलेलं. आणि सोन्याची गोष्ट तर भारीच आहे. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे (मोठ्या ताऱ्यांचे मेल्यावर उरलेले अतिघन गोळे) एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातच उठलेले तरंग, पकडल्या गेल्या, मग जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या आणि तिथे सोन्यासारखी जड मूलद्रव्यं तयार होत असल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे आईच्या मंगळसूत्रातलं निदान काही सोनं तरी असल्या टकरीतून आलेलं असणार. अशा लहरी पकडणारी लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे, २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी दिलीये.

पण यातून ‘म्हणून आपण स्पेशल’ असं काढायला जाऊ नका. उंदीर, शेवाळ आणि मूतखडा यांची धूळ पण तीच आहे.

एवढे ग्रह-तारे आहेत तर त्यांचा माझ्या आयुष्यावर परिणाम होतच असेल ना? पत्रिकेत लिहिलेलंच असतं की माझा जन्म कशासाठी.

याची परीक्षा झालेली आहे, आपल्याच महाराष्ट्रात. २००८ मध्ये नारळीकर, नरेंद्र दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि काही मंडळींनी मिळून २०० मुलांच्या पत्रिका घेतल्या. १०० अभ्यासात हुशार मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना आवाहन केलं की पत्रिका बघून ओळखा कोण कुठल्या गटातलं. प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या. २७ ज्योतिषांची उत्तरं आली, सरासरी ४६ टक्के बरोबर. एका संस्थेने तर सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, १०२ बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते आणि नाण्याला दक्षिणा लागत नाही.

‘युनिव्हर्स आपल्याला सिग्नल देतं, मॅनिफेस्ट करा’ यात किती तथ्य?

युनिव्हर्सचे सिग्नल येतात, अगदी खरोखरचे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश लावून बसलेत ना लोक, जीएमआरटी म्हणतात त्याला, गोविंद स्वरूपांनी उभं केलेलं. तिथे रेडिओलहरी येतात, हायड्रोजन वायूच्या, पल्सारच्या म्हणजे गरगर फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या. प्रमोशनबद्दल त्यात काही नसतं. घड्याळात ११:११ दिसलं तर अकरा वाजून अकरा मिनिटं झालेली असतात.

जीवशास्त्र तर सरळ सांगतं, मुलं जन्माला घालणं हाच हेतू. मग एवढा विचार कशाला?

हा प्रश्न लग्नाळू किंवा नुकतं लग्न झालेल्या मंडळींना नातेवाईक विज्ञानाचा कोट घालून विचारतात, म्हणून घेतलाय. उत्क्रांती सांगते आपण इथवर कसे आलो. कशासाठी आलो हे सांगायला तिच्याकडे तोंडच नाही. ज्यांची पिल्लं जगली त्यांचे गुण पुढे आले, एवढंच घडलं, कोणाच्या मनात काही नव्हतं. माझ्या पणजोबांनी दुष्काळात गाव सोडलं म्हणून मी शहरात जन्मलो, याचा अर्थ माझ्या आयुष्याचा हेतू दुष्काळ असा होतो का? आणि मुलं होण्याचं वय गेल्यावरही माणसांतल्या बायका आणखी तीस-चाळीस वर्षं ठणठणीत जगतात, प्राण्यांत हे फार दुर्मीळ आहे. आज्या असतात त्या नातवंडं सांभाळायला, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. माझ्या ओळखीतल्या निम्म्या आज्या मात्र सध्या केरळ ट्रिपला असतात.

या प्रश्नांची उत्तरं धर्माने कधीच दिलीयेत. विज्ञानवाल्यांनी मधे कशाला पडायचं?

नका पडू देऊ, पण आधी एक बघा की धर्माने ‘एक’ उत्तर दिलेलंच नाही. आपण शाळेत धर्म-अर्थ-काम-मोक्ष असे चार पुरुषार्थ पाठ केले, म्हणजे पहिल्यापासूनच एका हेतूवर भागलं नव्हतं. शेवटचं ध्येय मोक्ष म्हणावं तर इकडे वारकरी मंडळी उघड सांगतात की मुक्ती नको, परत जन्माला घाला, फक्त संतांची संगत आणि नाम असू दे. चार्वाक तर पहिल्या दिवसापासून भांडत होतेच. आणि विश्व कुठून आलं याबद्दल ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त शेवटी अशा जागी येऊन थांबतं की वर बसून बघणारा जो आहे त्याला माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कवीने एवढी हिंमत केली, आपण फॉरवर्डच्या मेसेजमध्ये मात्र सगळं ठामपणे लिहितो.

मला स्वतःला बुद्धाचं वागणं फार आवडतं. मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू त्यांच्याकडे हट्ट धरून बसला, जग शाश्वत आहे की नाही, त्याला अंत आहे की नाही हे सांगा, नाहीतर मी चाललो संघ सोडून. बुद्धांनी सांगितलंच नाही. म्हणाले, विषारी बाण लागलेला माणूस जर म्हणाला की बाण मारणारा कोण, त्याची जात कुठली, धनुष्य कसल्या लाकडाचं हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, तर तो तसाच मरेल. आता माझ्यासारख्या दुर्बीणवाल्याला जग अनंत आहे का हे कळून घ्यायचंच असतं, तो माझा धंदाच आहे, पण त्या उत्तरावर आपलं जगणं अडवून ठेवायचं नाही हे मला शंभर टक्के पटतं. जग सान्त निघालं काय, अनंत निघालं काय, दुखणाऱ्या माणसाचं दुखणं तेवढंच राहतं.

आपण एकटेच आहोत का?

सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह सापडला १९९५ मध्ये, आज खात्रीलायक मोजणी ६ हजारांच्या आसपास गेलीये. जीवसृष्टी मात्र अजून एकाही ठिकाणी सापडलेली नाही, बातम्यांचे मथळे काहीही म्हणोत. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने १९५० मध्ये अमेरिकेत लॉस अलामॉसला जेवताना सहज विचारलं होतं की मग सगळे आहेत कुठे? तो प्रश्न अजून तिथेच आहे.

नारळीकरांनी यात एक मजेदार उद्योग केला होता. २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरच्या हवेचे नमुने गोळा केले, जंतू मिळतात का बघायला. मिळाले! दुसऱ्या वेळी तर तीन नव्या जातींचे बॅक्टेरिया निघाले आणि त्यांना हॉईल, आर्यभट आणि इस्रोची नावं दिली. ते अंतराळातून खाली आले की जमिनीवरून वर गेले हे त्यावरून सिद्ध झालं नाही. पण विचारायचा तर प्रश्न असा विचारावा, फुगा सोडून.

एकटे निघालो तर काय आणि शेजारी निघाले तर काय? लोकांना वाटतं एकटे असलो तर जबाबदारी वाढते, शेजारी असले तर आपली किंमत कमी होते. मला दोन्ही पटत नाही. जगात ८०० कोटी माणसं आहेत म्हणून तुमच्या पोरीची किंमत तुम्हाला कमी वाटते का?

समजा कोणी असलंच, तर त्यांना आपल्याबद्दल काय कळेल?

इथे मी जरा रमतो, सहन करा. १९७७ मध्ये व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी आहे, ग्रामोफोनची असते तशी. त्यात ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत आणि त्यात मराठी आहे, पृथ्वीवरची माणसं तुम्हाला सदिच्छा पाठवतात अशा अर्थाची. आणि संगीतात, बाख-बीथोव्हेनच्या रांगेत, आपल्या केसरबाई केरकर आहेत. गोव्यातल्या केरी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. एकटी कुठे चाललीस, असं काहीतरी विचारणारी चीज, आणि ती बसवली कशावर, तर परत कधीच न येणाऱ्या यानावर! व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला, अकरा दिवसांनी.

आज ते यान २५०० कोटी किलोमीटरच्या आसपास आहे, माणसाने बनवलेली सगळ्यात लांबची वस्तू, तिकडून रेडिओ संदेश यायला जवळपास अख्खा दिवस लागतो. साधारण ४० हजार वर्षांनी ते ग्लीज ४४५ नावाच्या एका ताऱ्याच्या दीड-पावणेदोन प्रकाशवर्षांवरून जाईल. कोणी ऐकेल अशी शक्यता शून्याच्या जवळ आहे आणि पाठवणाऱ्यांनाही ते माहीत होतं. तरी त्यांनी भांडून भांडून गाणी निवडली, शुभेच्छा रेकॉर्ड केल्या. याच यानाने १४ फेब्रुवारी १९९० ला ६०० कोटी किलोमीटरवरून मागे वळून पृथ्वीचा फोटो काढला, त्यात पृथ्वी एका पिक्सेलपेक्षाही लहान आलीये. लोक हा फोटो दाखवून म्हणतात बघा आपण किती क्षुद्र. मला त्यात कॅमेरा कोणाचा आहे तेही दिसतं.

आणि हो, केसरबाई बैठकीत गायच्या तेव्हा समोर चारशे-पाचशे माणसं असतील नसतील. त्यांनी तान घेतली ती त्या माणसांसाठी आणि स्वतःसाठी, परग्रहावरच्यांसाठी नाही. त्या तानेत जे काही होतं ते तबकडीवर चढायच्या आधीच पूर्ण होतं.

एक दिवस सूर्यच विझणार. मग?

अजून साधारण ५०० कोटी वर्षं आहेत त्याला. पण त्याआधीच, अंदाजे १०० कोटी वर्षांत, सूर्य इतका तापेल की समुद्र टिकणार नाहीत. ‘मग’चं उत्तर वर दुसऱ्या प्रश्नात आहे. शिवाय जिला पुढच्या उन्हाळ्यात टँकर लागणारे त्या वस्तीला १०० कोटी वर्षांनंतरच्या समुद्राचं टेन्शन देऊ नका.

माझा सोळा वर्षांचा मुलगा म्हणतो सगळं निरर्थक आहे. काय बोलू त्याच्याशी?

आधी ऐका, लगेच गीता आणि जोशपूर्ण व्हिडिओ काढू नका. या वयात हा प्रश्न पडणं चांगलंच लक्षण आहे, तो मोठमोठ्याने वाद घालत असेल, जेवत असेल, मित्रांशी खिदळत असेल तर खुशाल वाद घाला त्याच्याशी, हरलात तरी चालेल. पण झोप उडालीये, जेवण सुटलंय, आवडीच्या गोष्टींतून मन उठलंय, बोलणंच बंद केलंय, ‘मी नसलेलाच बरा’ असं काही म्हणतोय, तर ते तत्त्वज्ञान नाही. तिथे दुर्बीणवाल्या काकाचा उपयोग नाही, डॉक्टरकडे न्या. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास आणि फुकट, मराठीतही बोलतात. हे मोठ्यांनाही लागू.

बरं, तुमचं स्वतःचं उत्तर काय? टाळू नका.

मला हेतू वर सापडला नाही. मला वाटतं तो वरून ‘मिळत’ नाहीच, बहुतेकांच्या बाबतीत तो आधीच हातात असतो आणि आपण त्याला हेतू म्हणत नाही, कामं म्हणतो, जबाबदाऱ्या म्हणतो, छंद म्हणतो, कटकट पण म्हणतो. ज्याच्यावाचून कोणाचं तरी अडतं, किंवा जे करताना घड्याळाकडे लक्ष जात नाही, त्यात शोधा. माझं म्हणाल तर रविवारची गणिताची पोरं, घरची माणसं, आणि हा दुर्बिणीचा नाद. मोठं ध्येय वगैरे विचाराल तर नाहीये आणि त्याची लाजही वाटत नाही. फक्त एक इशारा, ‘माझा हेतू मी ठरवणार’ हे वाक्य आजकाल फार स्वस्तात मिळतं. आपण एकटे बसून काही ठरवत नसतो. भाषा दुसऱ्यांनी दिलेली, अन्न दुसऱ्यांनी पिकवलेलं, आणि ज्याने कोणाचं भलंही होत नाही आणि कोणी त्यात सामीलही नाही असला हेतू फार दिवस तग धरत नाही, हे माझं आजूबाजूला बघून झालेलं मत आहे.

हे सगळं वाचून झालं. पहिल्यांदा आकाशात काय बघू?

दुर्बीण विकत घेऊ नका आधी. अमावस्येच्या आसपास ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शहरापासून लांब जा, वांगणीसारखी ठिकाणं मुंबईवाल्यांच्या आवडीची आहेत. मोबाइल खिशात ठेवा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं द्या, आणि देवयानी शोधा. सरळ रोखून बघितलं तर दिसत नाही, जरा कडेच्या नजरेने बघायचं, मग पुसट धुरकट डाग दिसतो. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय, तेव्हा आपली मनुष्यजात पृथ्वीवर नव्हतीच.

आणि एक खेळ, जो मी सगळ्यांना खेळायला लावतो. आपल्या वयाचा तारा शोधायचा, म्हणजे तुमच्या जन्माच्या सुमारास निघालेला प्रकाश आत्ता डोळ्यात शिरतोय असा. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना व्याध, सोळा-सतराच्यांना श्रवण, पंचविशीला अभिजित, सदतिशीला स्वाती, पासष्टीच्या काका-काकूंना रोहिणी. एकोणऐंशीला मघा आहे. सगळे एकाच रात्री एका वेळी दिसत नाहीत, अभिजित आणि श्रवण पावसाळा संपता संपता, रोहिणी आणि व्याध थंडीत, मघा आणि स्वाती उन्हाळ्याच्या सुरुवातीला, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचे तारे बघायचे तर वर्षभरात दोन-तीनदा तरी यावं लागेल.